जुनी मिआटा ठेवावी की नव्या पिढीची घ्यावी? पहिल्यांदाच ठरवणाऱ्यांसाठी

अमेरिकेत येऊन स्थिरावलेल्या, गाड्यांचा नाद असलेल्या आपल्या मंडळींच्या दारात कधी ना कधी एखादी जुनी माझ्दा मिआटा उभी राहते. परवडणारी, मागच्या चाकांवर चालणारी, छत उघडणारी आणि सुट्टीच्या दिवशी स्वतः पाना घेऊन दुरुस्त करता येणारी अशी दुसरी गाडी शोधून सापडत नाही. भारतात माझ्दा अधिकृतपणे गाड्या विकत नाही, त्यामुळे बहुतेकांची हिच्याशी ओळख इथे आल्यावरच होते. मग पगार वाढतो, घर होतं, जुन्या गाडीतून एक-दोन नवे आवाज यायला लागतात आणि शोरूममधली लालभडक नवी मिआटा डोळ्यांसमोरून हलत नाही. विकावी का ही? घ्यावी का ती?

ज्यांना हा निर्णय पहिल्यांदाच घ्यायचा आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे. माझं मुख्य म्हणणं आधीच सांगतो: थकलेल्या जुन्या गाडीची ताज्या नव्या गाडीशी तुलना करून काहीही ठरवू नका. तीस वर्षांचे रबरी बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतली रबरं), मेलेले शॉक ॲब्सॉर्बर आणि कडक झालेले टायर घेऊन धावणारी गाडी तुम्हाला तिच्या पिढीबद्दल काहीच सांगत नसते, फक्त तिची निगा किती राखली गेली तेवढंच सांगते. आधी जुनीला तिच्या मूळ ताकदीवर आणा, मग दोन्ही चालवा, आणि मगच पैशांचा हिशोब मांडा.

चार पिढ्यांची ओळख

मिआटाच्या आजवर चार पिढ्या झाल्या आणि मालक त्यांना एनए, एनबी, एनसी, एनडी अशा अक्षरांनीच ओळखतात. एनए फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये लोकांसमोर आली. वर उघडणारे हेडलाइट असलेली ती हीच. तिचं इंजिन १.६ लिटरचं होतं, ताकद साधारण ११६ अश्वशक्ती. १९९४ च्या मॉडेलपासून १.८ लिटरचं इंजिन आलं. १९९८ मध्ये आलेल्या एनबीचे हेडलाइट स्थिर झाले आणि मागच्या प्लास्टिकच्या खिडकीऐवजी खरी काच आली. २००५ ची एनसी अंगाने मोठी, २ लिटर इंजिनाची आणि उंच माणसाला बसायला सोयीची. एनडी सप्टेंबर २०१४ मध्ये दाखवली गेली, २०१५ पासून बाजारात आली आणि अजूनही तीच चालू आहे. अमेरिकेत तिला २ लिटरचं इंजिन मिळतं: सुरुवातीला १५५ अश्वशक्ती, २०१९ च्या मॉडेलपासून १८१.

या गाडीच्या बाबतीत हा प्रश्न इतका अवघड का होतो, ते वजन आणि लांबी पाहिल्यावर कळतं. बहुतेक गाड्या प्रत्येक पिढीत फुगत जातात. मिआटाही एनसीपर्यंत थोडी फुगली, अकराशे किलोच्या वर गेली. पण एनडी बनवताना माझ्दाच्या इंजिनिअरांनी तिला पुन्हा आवळली: साधारण १०६० किलो, आणि लांबीला तर पहिल्या एनएपेक्षाही किंचित आखूड. म्हणजे "नवी गाडी जड आणि बोजड असते" हे जुनी जवळ ठेवण्याचं नेहमीचं कारण इथे लागू पडत नाही. एनडी खरोखरच हलकी, चपळ आणि आनंदी गाडी आहे. त्यामुळे नीट विचार करूनच ठरवावं लागतं.

पहिली पायरी: कारण कागदावर लिहा

नवी का हवी आहे, ते एका कागदावर लिहा. सगळी कारणं लिहा, अगदी "शेजाऱ्याने घेतली" हेसुद्धा. मग प्रत्येक कारणासमोर एकच प्रश्न विचारा: हे दुरुस्तीने सुटेल का?

"गिअर अडकतो", "खड्ड्यात धाडकन आदळते", "वळणावर ढकलल्यासारखी वाटते", "पावसात आत पाणी येतं" ही सगळी दुरुस्तीने सुटणारी कारणं. ती वेगळी काढा, कारण त्यांच्यासाठी तीस हजार डॉलर मोजण्याची काही गरज नाही.

"स्थिरता नियंत्रण (घसरणारी गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा) नाही", "बाजूच्या एअरबॅग नाहीत", "स्टिअरिंग खालीवर होत नाही, गुडघे अडकतात", "रोज फ्रीवेवर तासभर जायचं आहे" ही दुरुस्तीने न सुटणारी. खरा निर्णय या यादीवर होतो. यातल्या सुरक्षेच्या मुद्द्याबद्दल माझं मत ठाम आहे. सुरुवातीच्या एनएमध्ये फक्त चालकापुरती एअरबॅग होती, शेजारच्या सीटला ती १९९४ पासून मिळाली. एनए आणि एनबी या दोन्ही पिढ्यांत इलेक्ट्रॉनिक स्थिरता नियंत्रण नाही. रविवारी सकाळी मोकळ्या डोंगराळ रस्त्यावर हे चालून जातं. पण रोज दोन्ही वेळा, पावसात, काळोखात, दोन्ही बाजूंना पिकअप ट्रक असताना फ्रीवेवर जुनी मिआटा चालवायची असेल, तर तेवढं एकच कारण नवी घ्यायला पुरेसं आहे. तिथे भावनेला जागा देऊ नका.

आणि "नवी हवीच आहे, बस्स" असं एखादं कारण उरलंच, तर तेही प्रामाणिकपणे लिहा. इच्छा असण्यात काहीच गैर नाही. मात्र तिला गरजेचं नाव देऊ नका, नाहीतर पुढचा सगळा हिशोब चुकतो.

दुसरी पायरी: गंज पाहा, बाकी सगळं नंतर

जुनी ठेवण्यालायक आहे की नाही, याचा निकाल इंजिन देत नाही, पत्रा देतो. इंजिन बदलता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो, पण सांगाडा कुजला की खर्चाला तळ राहत नाही. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या राज्यांत, म्हणजे मिशिगन, इलिनॉय, ओहायो, न्यू यॉर्क, न्यू जर्सी या पट्ट्यात गाडी राहिली असेल, तर ही पायरी अजिबात वगळू नका.

एनए आणि एनबीमध्ये सर्वात आधी पाहायची जागा म्हणजे दाराखालची लांब पट्टी, तिचं मागचं टोक, मागच्या चाकाच्या अगदी पुढचा भाग. इथे गंज का धरतो हे समजून घेतलं तर पुढे तो रोखताही येतो. कापडी छतावर पडलेलं पाणी मागच्या दोन कोपऱ्यांतल्या नळ्यांमधून खाली उतरतं आणि मागच्या चाकांच्या पुढे गाडीखाली बाहेर पडतं. या नळ्यांत झाडाची पानं, माती, धूळ साचते. वाट बंद झाली की पाणी पट्टीच्या पोकळीत मुरतं आणि पत्रा आतून कुजायला लागतो. बाहेर रंगावर पहिला फोड दिसतो तेव्हा आतलं काम बरंच झालेलं असतं. सीटच्या मागचा गालिचा ओलसर लागला, तर बंद नळ्यांची शंका आधी घ्या.

त्या जागेवर बोटाने दाबून पाहा. लहानसं चुंबक कापडात गुंडाळून फिरवा. जिथे ते चिकटत नाही, तिथे पत्र्याऐवजी पुट्टी भरलेली आहे. असं भरलेलं काम बाहेरून गुळगुळीत दिसतं, पण खराब पत्रा कापून नवा वेल्ड केल्याशिवाय ती दुरुस्ती पूर्ण होत नाही.

एनबी असेल तर गाडी लिफ्टवर चढवून पुढच्या दोन चासी रेल (सांगाड्याचे लांब पोकळ दांडे) पाहायलाच हव्यात, विशेषतः पुढची अँटी-रोल बार (वळणावरचं झुकणं आवरणारी सळई) जिथे बसते त्या आसपास. तिथले थर आतून गंजतात आणि पुढचं सस्पेन्शन त्याच रेलवर उभं असतं. इथे भोक सापडलं तर दुरुस्ती करून घेता येते, पण त्याचा अंदाज वेल्डिंग करणाऱ्या जाणकाराकडून लेखी घ्या आणि मगच पुढे जा.

सांगाडा कुजलेला निघाला तर माझा सल्ला सरळ आहे. त्या गाडीला विशेष इतिहास किंवा दुर्मीळ आवृत्तीचं मोल नसेल, तर पैसे तिच्यात ओतू नका. कॅलिफोर्निया, ॲरिझोना, नेव्हाडासारख्या कोरड्या राज्यातून आलेली, कोरड्या पत्र्याची दुसरी जुनी मिआटा घेणं हाही एक पर्याय आहे, आणि नवख्यांच्या तो लक्षातच येत नाही. नव्या पिढीकडे जाणं हा एकमेव रस्ता नसतो.

तिसरी पायरी: इंजिन आणि गिअरबॉक्सची तपासणी

इंजिन गरम करून कॉम्प्रेशन चाचणी (प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो त्याची मोजणी) करून घ्या. सगळे स्पार्क प्लग काढायचे, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवायचा, चारही सिलिंडरचे आकडे लिहायचे. आकडे एकमेकांच्या जवळ असणं महत्त्वाचं. एकच सिलिंडर खूप खाली असेल तर त्यात चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजतात. आकडा वर आला तर रिंगा झिजल्यात, आला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटकडे पाहायचं.

एनए आणि एनबीला टायमिंग बेल्ट असतो, साधारण दर ६०,००० मैलांनी बदलायचा. एनएच्या इंजिनाची रचना अशी आहे की बेल्ट तुटला तरी पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळत नाहीत, गाडी फक्त जागच्या जागी बंद पडते. तरीही शेवटचा बेल्ट कधी बदलला याची पावती नसेल, तर तो बदललेला नाही असंच धरून चाला आणि सोबत वॉटर पंपही बदला, कारण तिथपर्यंत पोहोचण्याची मजुरी एकच आहे.

१९९० आणि १९९१ च्या सुरुवातीच्या काही गाड्यांमध्ये क्रँकशाफ्टचं पुढचं टोक आखूड होतं. पुढच्या पुलीचा बोल्ट ढिला राहिला की पुली जागेवर धरणाऱ्या पाचरीची खाच झिजते आणि पुली डगमगायला लागते. इंजिन चालू असताना पुलीकडे नीट पाहा. ती डगमगत असेल तर मिआटा जाणणाऱ्या मेकॅनिकलाच दाखवा.

आता काही स्वस्त दुखणी, जी घाबरवतात पण गाडी विकण्याचं कारण नसतात. थंड इंजिनातून येणारी टिकटिक एनएमध्ये बहुधा हायड्रॉलिक लिफ्टरची असते. रेडिएटरची वरची प्लास्टिकची टाकी काळ्याची तपकिरी झाली असेल, तर ती तडकण्याच्या बेतात आहे. तडकायच्या आधी रेडिएटर बदला. क्लचचं पेडल मऊ पडून गिअर टाकताना त्रास होत असेल, तर गिअरबॉक्सशेजारचा क्लचचा स्लेव्ह सिलिंडर गळतोय का पाहा. या गाड्यांत तो ठरावीक काळाने जातोच, आणि स्वस्त आहे. पाच गिअरच्या गाडीत गिअरची दांडी ढिली, गरगटल्यासारखी वाटत असेल तर तिच्या बुडाशी असलेल्या छोट्या कप्प्यातलं तेल आणि तिथली रबरी आवरणं बदलून घ्या. दुपारभराचं काम आहे, आणि "गिअरबॉक्स गेला" म्हणून विकायला काढलेली गाडी पुन्हा खटक्यावर गिअर घ्यायला लागते.

बॅटरीबद्दल नवख्यांना सांगायलाच हवं. एनए आणि एनबीची बॅटरी डिकीत असते. तिथे साधी उघड्या ॲसिडची बॅटरी बसवू नका, हवा बाहेर सोडण्याची नळी जोडता येणारी बंदिस्त बॅटरीच घ्या. तसं न केलेल्या कित्येक गाड्यांच्या डिकीचा पत्रा ॲसिडने खाल्लेला असतो.

चौथी पायरी: जुनीला एकदा ताजी करा

पत्रा ठीक निघाला आणि इंजिन निरोगी असेल, तर आता खर्च करायची वेळ. हा खर्च वाया जात नाही, कारण ठेवली तर तुम्ही भोगाल आणि विकली तर चांगल्या अवस्थेतली गाडी लवकर विकली जाते.

सुरुवात टायरपासून करा. टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा शिक्का असतो: पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१६ म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. वर्षाला फारच थोडे मैल चालणाऱ्या गाड्यांचे टायर झिजायच्या आत म्हातारे होतात. नक्षी पूर्ण दिसते, पण रबर कडक झालेलं असतं आणि पकड गेलेली असते. मूळ एनएची मापं १८५/६० आर १४. चौदा इंची चाकांसाठी चांगल्या टायरचे पर्याय आता थोडे उरलेत, म्हणून मिळतात तेव्हा घेऊन टाका.

मग शॉक ॲब्सॉर्बर, आणि त्यांच्यासोबत आतले बंप स्टॉप (सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर धक्का झेलणारे तुकडे). जुन्या गाड्यांतले ते फोमचे तुकडे हातात घेतले की चुरा होतात. बरेच जण महागडे शॉक बसवून हे तसेच ठेवतात आणि गाडी आदळते म्हणून पुन्हा तक्रार करतात. त्यानंतर सस्पेन्शनचे रबरी बुश. या गाडीला चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन आहे, म्हणजे बुश बरेच आहेत आणि मजुरी लागते. पण जुनं स्टिअरिंग "सैल" वाटण्याचं कारण बहुतेक वेळा इथेच असतं.

शेवटी अलाइनमेंट. पुढच्या आणि मागच्या चाकांचे कोन बदलण्यासाठी यात विलक्षण सोयीचे बोल्ट दिलेले आहेत, पण मीठ खाल्लेल्या गाडीत ते बुशच्या नळीत जाम होऊन बसतात. बुश बदलतानाच तेही नवे घातले तर अलाइनमेंटचं काम सुरळीत होतं. मिआटा ओळखणाऱ्या दुकानात जा. नेहमीच्या सेडानसारखं "आकडे हिरव्यात आले, झालं" असं काम करणाऱ्याकडे गेलात तर ही गाडी आपला स्वभाव दाखवत नाही.

एवढं झाल्यावर महिना-दोन महिने चालवा. घाई करू नका. नवीची ओढ इथेच मावळलेले मालक पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या निर्णयाबद्दल मला मनापासून आदर आहे.

पाचवी पायरी: दोन्ही एकाच रस्त्यावर चालवा

डीलरकडची दहा मिनिटांची फेरी पुरेशी नाही. तिथे तुम्हाला फक्त नव्या सीटचा वास आणि इंजिनाचा जोर कळतो. टुरोसारख्या, खाजगी मालकांच्या गाड्या मिळवून देणाऱ्या सेवेवर एनडी शनिवार-रविवार भाड्याने मिळते का पाहा, किंवा एखाद्या मालकाला विनंती करा. मिआटावाले सहसा मोठ्या मनाचे असतात. आपला नेहमीचा आवडता रस्ता आधी जुनीतून आणि त्याच दिवशी एनडीतून करा.

एनडीत बसल्यावर स्टिअरिंगकडे लक्ष द्या. तिन्ही जुन्या पिढ्यांत पॉवर स्टिअरिंग हायड्रॉलिक आहे (काही एनएमध्ये तर मदतच नव्हती), एनडीत ते इलेक्ट्रिक आहे. अचूक आणि हलकं आहे, पण रस्त्याची खडबड हातांत जितकी जुनीतून उतरते तितकी इथे उतरत नाही. काहींना हे लक्षातही येत नाही, काहींना पहिल्याच वळणावर जाणवतं. तुम्ही दुसऱ्या गटात असाल तर हा मुद्दा कागदावर मोठ्या अक्षरात लिहा, कारण तो पुढे कुठल्याच दुरुस्तीने जाणार नाही.

दुसरी गोष्ट, गाडीचं झुकणं. एनडी वळणावर बरीच झुकते, मुद्दाम तशी ठेवली आहे. कडक गाडीची सवय असलेल्याला आधी दचकायला होतं. दोन-चार वळणांनंतर कळतं की ते झुकणं एका लयीत होतं आणि टायर कुठे आहेत ते तुम्हाला सांगत राहतं. मला ते आवडतं. २०२२ च्या मॉडेलपासून वळणावर आतलं मागचं चाक हलकेच ब्रेक करून हे झुकणं सावरणारी व्यवस्थाही दिली आहे, म्हणून कोणत्या वर्षाची गाडी चालवताय ते विचारून घ्या.

इंजिनाबद्दल शंकाच नाही. १८१ अश्वशक्तीचं इंजिन मिनिटाला ७५०० फेऱ्यांपर्यंत आनंदाने चढतं आणि फ्रीवेला मिसळताना जुनीसारखा जीव मुठीत धरावा लागत नाही. पण एक गोष्ट तपासा: तुमच्या आवडत्या रस्त्यावर जुनी गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ताकदीने चालवता येत होती. एनडीत तोच रस्ता तितका वेळ पूर्ण ताकदीत पुरतो का? की मजा यायच्या आत वेगाची मर्यादा ओलांडली जाते? हलक्या, कमी ताकदीच्या गाडीचं सुख हे आहे की तिला पूर्ण पिळता येतं. नव्यात हे सुख किती उरतं ते प्रत्येकाने स्वतःच्या रस्त्यावर पाहायचं.

मग रोजच्या गोष्टी. छत बसल्या जागेवरून एका हाताने मागे टाका आणि परत ओढा. एनडीत हे सुंदर जमलंय. गुडघे आणि डोकं कुठे लागतं पाहा. स्टिअरिंग मागेपुढे होण्याची सोय २०१९ पासून आहे, त्याआधीच्या एनडीत ते फक्त खालीवर होतं. नेहमीच्या जागचा हातमोज्यांचा कप्पा एनडीत नाहीच. डिकी साधारण १३० लिटरची: इंडियन स्टोअरमधून आणलेली आट्याची मोठी पिशवी आणि दोन पिशव्या भाजी बसते, त्यापुढे शेजारची सीट वापरायची. घरात लहान मूल असेल तर दोन सीटची गाडी जुनी असो वा नवी, ती घरातली दुसरी किंवा तिसरीच गाडी असू शकते. हा मुद्दा पिढी बदलून सुटत नाही.

आरएफ म्हणजे वीजेवर मागे जाणाऱ्या कडक छताची एनडी. बंद असताना शांत, उघडी असताना मात्र मागच्या खांबांमुळे वाऱ्याचा आवाज जास्त आणि तिरकं मागे दिसणं कमी. फ्रीवेवर लेन बदलून पाहिल्याशिवाय ती निवडू नका.

सहावी पायरी: पैशांचा हिशोब

नवी एनडी साधारण तीस हजार डॉलरच्या आसपास सुरू होते; पसंतीची आवृत्ती आणि कर धरून आकडा वर जातो. फक्त मासिक हप्ता पाहू नका. विक्रीकर, नोंदणी, पूर्ण विमा, कर्जाचं व्याज आणि पहिल्या काही वर्षांतली घसरलेली किंमत, सगळं एकत्र लिहा. दुसऱ्या बाजूला जुनीचा वर्षाचा खरा खर्च लिहा, पावत्या काढून. चांगल्या पत्र्याच्या एनएची किंमत आता घसरत नाही, आणि हा फरक बराच मोठा आहे.

जुनी डीलरकडे बदल्यात देण्याआधी दोनदा विचार करा. डीलरला तीस वर्षांची गाडी नको असते, तो त्याप्रमाणेच भाव देतो. बऱ्याच राज्यांत बदल्यात दिलेल्या गाडीची किंमत वजा करून उरलेल्या रकमेवरच विक्रीकर लागतो, पण कॅलिफोर्नियात ही सवलत नाही, तिथे थेट ग्राहकाला विकणंच शहाणपणाचं. तुमच्याकडे कारखान्याचं कडक छत असेल तर ते वेगळं विका. एनए आणि एनबीची छतं एकमेकांना बसतात, त्यामुळे घेणारे भरपूर असतात. बदललेले सुटे भागही काढून, मूळचे परत बसवून स्वतंत्र विकले तर जास्त पैसे येतात.

ठेवायची ठरली तर विम्याचं पाहा. साधा विमा अपघातानंतर गाडीची बाजारातली किंमत देतो आणि तीस वर्षांच्या गाडीला ती फार कमी लावली जाते. संग्राह्य गाड्यांच्या विम्यात किंमत आधीच ठरवून लिहिलेली असते. त्यासाठी साधारणतः गाडी गॅरेजमध्ये असावी, रोजच्या वापराला दुसरी गाडी असावी आणि मैल मर्यादित असावेत, अशा अटी असतात.

आपल्यातल्या अनेकांना लागू होणारी आणखी एक बाब. तुम्ही एच-वन-बी व्हिसावर असाल, तर नोकरी गेल्यावर हाताशी जास्तीत जास्त ६० दिवस असतात. सहा वर्षांचं कर्ज असलेली नवी गाडी तेवढ्यात विकायची वेळ आली, तर कर्जाची शिल्लक गाडीच्या किमतीपेक्षा जास्त निघू शकते. पूर्ण पैसे भरून घेतलेली जुनी गाडी आठवड्यात विकता येते किंवा मित्राच्या अंगणात ठेवता येते. भारतात परतताना गाडी सोबत नेण्याचा विचारही करू नका: वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी आणि स्टिअरिंग उजवीकडे असावं लागतं. अमेरिकेतल्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे, म्हणून ती यातल्या दुसऱ्या अटीला अडते. ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत थांबा असं मी म्हणत नाही, पण कर्ज छोटं ठेवा.

सातवी पायरी: घ्यायचीच ठरली तर कोणती?

वापरलेली एनडी घेणार असाल तर मी २०१९ किंवा त्यानंतरचीच घेईन. इंजिन, स्टिअरिंगची सोय, मागचा कॅमेरा, तिन्ही एकदम मिळतात. त्याआधीच्या एनडीच्या मॅन्युअल गिअरबॉक्सबद्दल मालकांच्या तक्रारी सर्वज्ञात आहेत आणि माझ्दाने त्यात पुढे सुधारणा केल्या. जुनी एनडी स्वस्तात मिळत असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये जोर देऊन चालवून पाहा, आवाज ऐका, आणि गिअरबॉक्स बदललाय का त्याचे कागद मागा. २०२४ च्या मॉडेलमध्ये नवा लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांत ताकद वाटून पकड राखणारा भाग), सुधारलेलं स्टिअरिंग आणि मोठा स्क्रीन आला. स्टिअरिंगच्या जाणिवेमुळे तुमचं मन अडलं असेल, तर निर्णय घेण्याआधी हीच गाडी चालवून पाहा.

एनसीला लोक उगाच हिणवतात. सहा फुटांच्या माणसाला ती बहुधा सर्वात आरामात सामावून घेते, टायमिंग बेल्टऐवजी चेन आहे, स्टिअरिंग हायड्रॉलिक आहे. तिची वीजेवर दुमडणारी कडक छताची आवृत्ती तर डिकीची जागा न खाता छत गिळते. फक्त तेलाची पातळी नियमित तपासा. कमी पैशांत एक पाऊल पुढे जायचं असेल तर ही विसरू नका.

दोन्ही ठेवायची ऐपत आणि जागा असेल तर निदान एक उन्हाळा दोन्ही ठेवा. त्या काळात कोणत्या गाडीची किल्ली आपोआप उचलली जाते ते पाहा. मात्र उभी राहिलेली गाडी बिघडते: बॅटरी उतरते, ब्रेकच्या चकत्या गंजतात, टायर एका जागी चपटे होतात, टाकीतलं पेट्रोल शिळं होतं. दोन्ही नियमित चालवणार नसाल तर दोन ठेवू नका.

विकताना

कॅलिफोर्नियात विकत असाल तर स्मॉगचं, म्हणजे धुराच्या तपासणीचं, प्रमाणपत्र देण्याची जबाबदारी विकणाऱ्याची आहे, ते आधी करून घ्या. इंजिनात बदल केलेले असतील तर इथेच अडकतं. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचा बोजा उतरवलेला कागद हातात घेऊनच जाहिरात टाका. घेणाऱ्याला त्याच्या पसंतीच्या मेकॅनिककडून तपासणी करू द्या. गंज आणि केलेली कामं स्वतःहून दाखवा, पावत्यांची फाइल द्या. पैसे बँकेत एकत्र जाऊन घ्या, मगच टायटलवर (गाडीच्या मालकीच्या कागदावर) सही करा.

नंबरप्लेटचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत: कॅलिफोर्नियात साधी प्लेट गाडीसोबत जाते, न्यू जर्सीत ती काढून घ्यावी लागते. कॅलिफोर्नियात पाच दिवसांच्या आत डीएमव्हीला (गाड्यांची नोंदणी करणाऱ्या सरकारी खात्याला) मालकी बदलल्याची सूचना ऑनलाइन भरा आणि तिची पोच जपून ठेवा, नाहीतर पुढच्या माणसाचे टोल आणि पार्किंगचे दंड तुमच्या पत्त्यावर येत राहतात. विमा मात्र ती पोच हातात आल्यावरच रद्द करा.